पावसाचा अंदाज आणि कारखान्याचा हजेरीपट

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यासाठी ‘लाल इशारा’ जाहीर झाला की ज्याची त्याची गरज त्यातून निराळा अर्थ काढते. विद्यार्थी त्यात शाळेची सुट्टी वाचतात. नदीकाठचा शेतकरी मोटार वर ओढून घ्यावी की आणखी एक दिवस थांबावे याचा हिशेब करतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला मात्र त्यातून फारसे काही हाती लागत नाही. गावाजवळचा बंधारा उद्या सकाळी पाण्यावर असेल काय, आणि नसेल तर त्या दिवसाचा रोज कोणाच्या खात्यातून वजा होईल, हे त्याचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळू शकते. परंतु ते एका कागदावर मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर ठरलेलेच नाही, किंबहुना जे ठरलेले आहे ते कामगाराच्या विरोधात आहे.

हॉटेलांच्या प्रतवारीतून उचललेले ‘पंचतारांकित’ हे विशेषण कारखान्यांच्या वसाहतीला कोणी व का चिकटविले, हा भाषाभ्यासकांचा विषय. रुंद रस्ते, पाणी, वीज, मोठे भूखंड या दृष्टीने ते सार्थही असेल. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दीतील माळावर ही वसाहत उभी आहे आणि पुराचे पाणी सहसा तिच्या फाटकापर्यंत येत नाही. अडचण माळाच्या दोन्ही अंगांना आहे. उत्तरेस पंचगंगा, दक्षिणेस दूधगंगा आणि तिच्याही पलीकडे वेदगंगा. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो, कागलजवळ दूधगंगा आणि निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोली आणि यमगर्णी या दोन्ही बाजूंनी हा महामार्ग पाण्याखाली गेला. हजारो मालमोटारी रस्त्यावर अडकून पडल्या, आणि कोरड्या माळावरील कारखाना बेटासारखा झाला. कच्चा माल येईना, तयार माल बंदराकडे जाईना, आणि नदीपलीकडची माणसे कामावर येऊ शकेनात.

महापूर दर वर्षी येत नाही. दर वर्षी येते ते लहान संकट. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हा या जिल्ह्याने साऱ्या राज्याला दिलेला शब्द आहे. पावसाळ्यात फळ्या काढून घ्यायच्या आणि पुढे घालून पाणी अडवायचे, अशी त्यांची साधी रचना. पण गावोगावी हेच बंधारे पुलाचेही काम करतात. दुचाकीवरून जाणाऱ्या कामगाराचा जवळचा रस्ता बहुधा त्यांच्यावरूनच जातो. नदी थोडी फुगली की डझनावारी बंधारे पाण्याखाली जातात. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींची बातमी येते आणि आठ किलोमीटरांचा रस्ता तीस किलोमीटरांचा होऊन बसतो. पाणी बंधाऱ्यावरून केवळ वीतभर वाहत असले तरी त्याच्या ओढीचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. दर पावसाळ्यात त्यात माणसे वाहून जातात, आणि मग ‘अतिउत्साह नडला’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात. त्यांपैकी किती जण उत्साहापोटी निघाले होते आणि किती जण हजेरीपोटी, याचा शोध घेण्याची तसदी कोणी घेत नाही.

येथे हवामानाच्या अंदाजाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवावी’ हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आज तो बराचसा अन्यायाचा ठरतो. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाने २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरांच्या चौकोनांत देशाचा विचार करणारी अंदाजप्रणाली कार्यान्वित झाली. त्यापूर्वी हा चौकोन बारा किलोमीटरांचा होता. महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महाराष्ट्रात पाऊस, वारा, आर्द्रता यांची नोंद घेत आहेत. त्यांचा उपयोग मुख्यतः पीकविम्यासाठी व शेतीसाठी होतो. सारांश, साधने आहेत. उणीव आहे ती हे अंदाज वाचण्याच्या सवयीची आणि ते वाचून काय करायचे हे आधी ठरविण्याची.

वाचनाच्या उणिवेचे उदाहरण दर वर्षी घडते. इशारा जिल्ह्याचा असतो आणि पाऊस घाटाचा. गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पडला तरी चांगले वर्ष म्हणावे लागते. मधले अंतर एका दिवसात दुचाकीने जाऊन येण्याइतके. हवामान विभागाने अलीकडे ‘कोल्हापूर घाट’ असा स्वतंत्र उल्लेख करून हा भेद मान्य केला, हे योग्यच झाले. परंतु मोबाइलवर फिरणाऱ्या रंगीत नकाशात जिल्हा आजही एकाच रंगाने रंगलेला दिसतो. मग इशारा लाल असताना कागलच्या माळावर ऊन पडले की अंदाज चुकला, असा निकाल चहाच्या टपरीवर लागतो. त्याच वेळी गगनबावड्यात दीडशे मिलिमीटर पाऊस होऊन गेलेला असतो आणि तो कुंभी-कासारीतून खाली येण्याच्या वाटेवर असतो. कामगाराच्या दृष्टीने डोक्यावरच्या उन्हापेक्षा घाटातला हा पाऊसच महत्त्वाचा, कारण त्याचा रस्ता अडविणारे पाणी तेथून येते.

वेधशाळेची भाषाही नीट समजून घेण्यासारखी आहे. ‘मुसळधार’ हा शब्द बोलीत कोणत्याही जोराच्या पावसाला लावला जातो. वेधशाळेच्या लेखी चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ थोडा पाऊस असा नव्हे. त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी, एवढाच तो अर्थ आहे, आणि त्या ठिकाणी पाऊस दोनशे मिलिमीटरही असू शकतो. कोल्हापूर ज्या ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात मोडतो तो नंदुरबार-जळगावपासून सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे वाक्य ऐकून जळगावच्या माणसाने निर्धास्त राहावे आणि राधानगरीच्या माणसाने सावध व्हावे, अशीच बहुतेकदा स्थिती असते. कारण ती तुरळक ठिकाणे सह्याद्रीच्या माथ्यावरच सापडतात. रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग पावसाच्या जोडीने त्याच्या परिणामाचाही विचार करून दिले जातात. कृती कोणती करायची, हे मात्र रंग सांगू शकत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

आणखी एक भेद आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे दूर, हिमालयात जाणे उपयोगी पडेल. काश्मीरमधील गुलमर्ग येथे बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळण्यासाठी जगभरातून लोक येतात. महाराष्ट्रातील पर्यटकही हौसेने जातात. गुलमर्गचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील तारेवरचा पाळणा अफरवटच्या बाजूस चार हजार मीटरांच्या जवळपास नेऊन सोडतो. खाली पाऊस आणि वर हिम, किंवा खाली चिखल आणि वर पुरुषभर बर्फ, असे एकाच दिवशी घडू शकते. म्हणून अशा ठिकाणचा जाणता खेळाडू ‘गुलमर्गला हिमवृष्टी’ एवढ्या वाक्यावर समाधान मानत नाही. कोणत्या उंचीवर, हे तो विचारतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दोन निरनिराळे आकडे पाहतो : नवे हिम किती पडणार, आणि खाली जुना थर किती व कसा आहे. जुना थर नसेल तर नवे वीतभर हिम खडक झाकण्यापलीकडे काही करू शकत नाही. जुना थर कच्चा असेल तर त्यावर पडलेले भरघोस नवे हिम आनंदाचे न राहता धोक्याचे ठरते, कारण वरचा भार खालच्या कच्च्या थरावरून घसरू लागतो. गुलमर्गने २०२४ च्या जानेवारीत जवळजवळ कोरडा हिवाळा पाहिला. पुढे बर्फ पडले, आणि त्याच वर्षी २२ फेब्रुवारीस हिमस्खलनात एका परदेशी खेळाडूचा मृत्यू झाला. २०२५ मध्ये पुरेशा हिमाअभावी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. अंदाज हा उद्याच्या आकाशाचा असतो आणि खेळाडू उभा असतो तो आज पायाखाली असलेल्या थरावर. हे दोन्ही जुळवून पाहिल्याखेरीज त्या खेळात कोणी शहाणा उतरत नाही.

पंचगंगेच्या खोऱ्यातील ‘जुना थर’ म्हणजे धरणांतील साठा, भिजलेली जमीन आणि नदीची आजची पातळी. जून महिन्यात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर तहानलेली जमीन आणि रिकामी धरणे तो बहुतांश गिळून टाकतात. तोच पाऊस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाला तर तो जवळजवळ सारा नदीत उतरतो. २०१९ मध्ये असेच झाले : जुलैअखेरपासून पाऊस हटला नाही, धरणे भरत आलेली होती आणि त्यावर ऑगस्टचा पाऊस आला. २०२१ चा प्रकार वेगळा होता. तेव्हा दोन-तीन दिवसांतच आभाळ फाटले. २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरास सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्याजवळील पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. म्हणजे एकदा जुन्या थराने घात केला, एकदा नव्याने. केवळ अंदाजाचा रंग पाहणाऱ्याला यांतला फरक कळला नसता.

हा थर मोजण्याचे आकडे दररोज जाहीर होतात, पण त्यांचे अंकगणित कोणी समजावून देत नाही. धरणाचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगितला जातो आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत. एखाद्या धरणातून सुमारे ११ हजार ५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिले तर एक टीएमसी रिकामे होते. राधानगरीची क्षमता सव्वाआठ टीएमसींच्या थोडी वर. तेथील स्वयंचलित दरवाजे सात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले तर सुमारे १० हजार क्युसेक. दिवसाला टीएमसीच्या पाऊण हिश्श्याहून अधिक. हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि मिटतात. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या या धरणावर ‘अधिकाऱ्यांनी रात्री पाणी सोडले’ हा आरोप या दरवाजांपुरता तरी लागू होत नाही. दूधगंगेवरील काळम्मावाडीची गोष्ट निराळी. तेथे साठा सुमारे पंचवीस टीएमसींचा आणि दरवाजे माणसाने चालवायचे. म्हणून दूधगंगेच्या काठच्या माणसाने विसर्गाची सूचना वाचली पाहिजे आणि भोगावतीच्या काठच्याने साठ्याची टक्केवारी.

शिवाय सर्व पाणी धरणांत अडत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. २८३ चौरस किलोमीटर प्रदेशावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे एक टीएमसी पाणी होते. धरणांच्या खालच्या अंगाला पडलेल्या असल्या पावसाला अडविणारे काहीच नसते. अलमट्टीच्या उंचीवरून दोन राज्यांत चाललेला वाद महत्त्वाचा खरा. पण उद्या सकाळी कामावर निघावे की नाही, या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडा. तो वाद राज्यांच्या पातळीवर चालो, कामगाराला पाहायचे आहे ते राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीकडे. ३९ फूट ही तेथील इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. जुलै २०२४ मध्येही धोका पातळी ओलांडली गेली होती. ही पट्टी अंदाज सांगत नाही, घडलेली गोष्ट सांगते. तरी घाटातला पाऊस तेथे पोचायला काही तास लागतात, आणि त्यामुळे आजची घाटातली नोंद व आजची पट्टी एकत्र वाचणाऱ्याला उद्या सकाळची नदी बरीचशी दिसू शकते.

मात्र घाटातला पाऊस एका कार्यालयाकडे, धरणाचा साठा दुसऱ्याकडे, नदीची पातळी व पाण्याखालील बंधाऱ्यांची यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आणि रस्ता बंद असल्याची सूचना पोलिसांकडे, अशी विभागणी आहे. प्रत्येक जण आपले काम करीत असतो. चारही माहित्या एकत्र करून ‘हुपरी मार्ग चालू, अमुक बंधारा बंद’ असे सायंकाळी पाचच्या आत सांगणारे कोणी नाही. मग ते काम मोबाइलवरचे अनाम संदेश करतात आणि त्यांत २०१९ ची चित्रफीत आजची म्हणून फिरते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. अंदाज कितीही सुधारला तरी तो संभवाचा असतो. ज्या दिवशी पावसाची शक्यता साठ टक्के सांगितली जाते अशा दहा दिवसांपैकी चार दिवस कोरडेच गेले पाहिजेत. ते चारही दिवस ओले गेले तर तो अंदाज चुकला असे शास्त्र म्हणेल. तेव्हा अंदाजावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न असा आहे : खबरदारीचा खर्च किती, आणि खबरदारी न घेतल्यास होणारी हानी किती? समजा, एका कारखान्याला पाळी पुढे ढकलण्याचा, माणसे आदल्या रात्री वसतिस्थानात ठेवण्याचा किंवा उत्पादन आधी उरकून घेण्याचा खर्च वीस हजार रुपये येतो आणि निम्मी माणसे न आल्याने काम ठप्प झाले तर एक लाखाचा तोटा होतो. तर रस्ता बंद होण्याची शक्यता पाचात एक एवढी झाली की खबरदारी घेणे फायद्याचे. पाचांपैकी चार वेळा ती ‘फुकट’ गेलेली दिसेल, आणि तरीही हिशेब बरोबर असेल. ओतकामाच्या कारखान्यात तर हानीचे पारडे आणखी जड. वितळलेला धातू विद्युत भट्टीत असताना वीज गेली आणि ती वेळेत परत आली नाही, तर धातू तेथेच गोठतो आणि भट्टीचे अस्तर निकामी होते. २०१९ व २०२१ मध्ये पुराच्या पाण्यात वीज उपकेंद्रे गेली होती, हे ओतकाम चालविणाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

कारखान्याचा हिशेब असा मांडता येतो आणि चांगले व्यवस्थापन तो मांडतेही. कामगाराच्या हिशेबात मात्र खर्च आणि हानी या दोहोंच्या जागा बदललेल्या असतात. त्याने खबरदारी घेतली, म्हणजे घरी राहिला, तर त्याची किंमत पूर्ण एक दिवसाचा रोज, ती निश्चित आणि ती त्याच्याच खिशातून. त्याने खबरदारी घेतली नाही आणि तो बंधाऱ्यावरून निघाला, तर हानी प्रचंड पण अनिश्चित. आणि माणूस निश्चित तोट्यापेक्षा अनिश्चित तोटा पत्करतो. अशा माणसाला ‘जिवाची पर्वा नाही’ म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्याच्यापुढे ठेवलेल्या किमतींनुसार तो वागत असतो.

या किमती निसर्गाने ठरविलेल्या नाहीत. कायद्याने ठरविल्या आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात काळाच्या ओघात ‘ले-ऑफ’च्या कारणांत नैसर्गिक आपत्तीचा समावेश झाला. कारखाना अशा कारणाने काम देऊ शकला नाही तर एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हीच चौकट ठेवली आहे. पन्नासांहून कमी कामगारांच्या आस्थापनांना ती लागू नाही. बदली आणि नैमित्तिक कामगारही तिच्याबाहेर. याहून बोचरी अट पुढे आहे. भरपाई हवी असल्यास कामगाराने दिवसातून किमान एकदा नेमल्या वेळी कारखान्यात हजर झाले पाहिजे. कापड गिरणीत यंत्र मोडले किंवा कोळसा संपला, अशा काळात ही अट समजण्यासारखी होती. माणूस दुसरीकडे कमावून येथली भरपाई घेत नाही, एवढे पाहण्यासाठी ती घातली गेली. पुराच्या बाबतीत तिचा अर्थ विपरीत होतो. कारखाना कोरड्या माळावर चालू आहे आणि कामगार पाण्यापलीकडे अडकला आहे, तर कायद्याच्या दृष्टीने कारखान्याने काम नाकारलेले नाही. गैरहजर राहिला तो कामगार. त्याला निम्मेही मिळत नाही. रजा शिल्लक असेल तर ती जाते, नसेल तर रोज जातो. कंत्राटदाराकडील मजुराचा तर प्रश्नच नको : काम नाही, दाम नाही.

सरकार एका हाताने लाल इशारा देऊन घराबाहेर पडू नका म्हणते आणि दुसऱ्या हाताने हजेरीची अट घालते, यातील विसंगती आजवर कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही. शाळा-महाविद्यालयांना जिल्हाधिकारी सुट्टी देतात, तेव्हा शिक्षकाचे वेतन कापले जात नाही. ते योग्यच आहे. सरकारी कचेरीतील कारकुनाला पुरामुळे पोचता आले नाही तर निदान रजेचा आणि अर्जविनंतीचा मार्ग मोकळा असतो. ज्याचा रोज सर्वांत लहान त्याच्यावरच अंदाज पाळण्याचा संपूर्ण खर्च टाकणे, हे न्यायाला धरून नाही आणि अर्थशास्त्रालाही. जोखीम नेहमी ती पेलण्याची ताकद असलेल्याकडे आणि ती कमी करणे ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे असावी, हे विम्याचे साधे तत्त्व आहे.

कारखानदारांची बाजू अगदीच पोकळ नाही. स्पर्धा कडक आहे. मालाला उशीर झाला की दंड भरावा लागतो. आणि रस्ता बंद असल्याच्या सबबीखाली भातलावणीची सुट्टी घेतली जाते, ही त्यांची तक्रार निव्वळ खोटी म्हणता येणार नाही. परंतु या तक्रारीचे उत्तर पाण्याच्या पट्टीतच आहे. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरू नये, असा सार्वजनिक मापदंड जिल्ह्यात आधीपासून उपलब्ध आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले, किंवा प्रशासनाच्या यादीत अमुक बंधारा पाण्याखाली असल्याची नोंद झाली, तर त्या मार्गावरील गावांतून येणाऱ्या कामगारांची त्या दिवसाची गैरहजेरी ‘पूरबंद’ म्हणून धरावी, निदान निम्मा रोज द्यावा आणि उरलेले काम पुढील साप्ताहिक सुट्टीच्या बदल्यात भरून घ्यावे. असा करार कारखानदारांच्या संघटना आणि कामगार संघटना कायदा बदलण्याची वाट न पाहता करू शकतात. कायदा किमान काय द्यावे ते सांगतो. अधिक देण्यास त्याने मनाई केलेली नाही. कामगारांच्या गावांची यादी प्रत्येक कारखान्याच्या नोंदवहीत असतेच. ती जूनच्या आधी बंधाऱ्यांच्या यादीशेजारी ठेवली तर कोणती पाळी केव्हा उणी पडणार, हे व्यवस्थापनालाही आधीच दिसेल, आणि त्याचा उपयोग कामगारापेक्षा त्यालाच अधिक आहे.

वेळेची एक बाब यात महत्त्वाची आहे. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहिली पाळी सातच्या सुमारास सुरू होते आणि दूरच्या गावातला कामगार साडेपाचलाच घर सोडतो. म्हणजे चोवीस तासांचा ताजा आकडा जाहीर होतो तेव्हा तो यंत्रावर उभा असतो किंवा अर्ध्या वाटेवर पाण्यापाशी. त्याच्या उपयोगी पडणारा आकडा आदल्या सायंकाळचा. आणि दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री बाराच्या सुमारास परत निघतो, त्याला रात्री आठचा. येताना मोकळा असलेला बंधारा परतताना बुडालेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अंधारात पाण्याची खोली दिसत नाही, आणि मागे फिरून रात्र काढायची तर कोठे, हेही ठरलेले नसते. वसाहतीत भोजनगृहे आहेत, प्रशिक्षणाच्या खोल्या आहेत. पुराच्या रात्री त्या उघड्या ठेवण्याचा खर्च सतरंज्या आणि चहा यांच्यापलीकडे फारसा नाही.

कंत्राटी मजुरांचा प्रश्न मात्र सतरंज्यांनी सुटणारा नाही. त्यांचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो आणि त्याचे बिल माणशी हजेरीवर निघते. हजेरी पडली नाही तर त्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून तोही देत नाही. पूरबंदीच्या दिवसाचा निम्मा रोज मुख्य कारखान्याने बिलात मान्य करावा, असे कलम कंत्राटाच्या मसुद्यातच घालावे लागेल, आणि ते कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी, पाऊस सुरू होण्याआधी घालावे लागेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाला वसाहतीतील रस्त्यांची व गटारांची कामे देतानाही हे कलम आपल्या स्वतःच्या निविदांपासून सुरू करता येईल.